आमची पोरं मॅचमध्ये बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी टेम्पो ट्रॅव्हलर आहे. लग्नाची वऱ्हाडं, नृसिंहवाडीच्या सहली आणि फुटबॉलची पोरं, यावर माझं घर चालतं. त्यातल्या फुटबॉलच्या पोरांबद्दल लिहायचं आहे. पुण्यात, नवी मुंबईत किंवा गोव्यात एखाद्या व्यावसायिक क्लबची ‘ओपन ट्रायल’, म्हणजे कुणीही जाऊन खेळून दाखवायची निवड चाचणी, निघाली, की व्हॉट्सअॅपवर पोस्टर फिरतं आणि मंगळवार पेठेतून, शिवाजी पेठेतून, फुलेवाडीतून मला फोन येतात. पोरं वर्गणी काढून भाडं जमवतात, कधी तालीम (पेठेचं मंडळ, फुटबॉलचा संघही तेच चालवतं) थोडा हातभार लावते. हॉल्टिंगचे पैसे मी घेत नाही. मी स्वतः पेठेतून लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू, खेळलोय, त्यामुळे ट्रायल चालू असताना गाडीत झोपणं मला जमत नाही. जाळीला नाक लावून उभा राहतो.

तिथं काय चालतं ते वाचकांना कळावं म्हणून सांगतो. रात्री दहाला कोल्हापूर सोडायचं, खंबाटकी उतरेपर्यंत गाडीत दंगा, पुणे मागं पडलं की सगळे गप्प. उजाडायच्या आत मैदानाबाहेर रांग. आधार कार्ड, जन्मदाखला, डॉक्टरची चिठ्ठी, आधीच्या क्लबची एनओसी. मग छातीवर नंबर. फॉर्मवर जागा लिहायची असते. दहातले सात जण फॉरवर्ड नाहीतर विंगर लिहितात, कारण गोल मारणाऱ्याकडंच लक्ष जातं अशी सगळ्यांची समजूत. मग नंबरप्रमाणे दोन संघ पाडतात. एका बाजूला पाच स्ट्रायकर आणि स्टॉपर, म्हणजे गोलसमोर मधोमध अडवणारा, एकही नाही, असंही मी बघितलंय. ज्यानं आयुष्यात बॅक खेळलेला नाही तो बॅकला उभा. शेजारचा कोण, त्याचा डावा पाय चालतो का उजवा, काही ठाऊक नाही. वीस मिनिटं खेळ, शिट्टी, पुढचे नंबर.

या वीस मिनिटांत कुणी कुणाला पास देत नाही. देईल कशाला? पास दिला तर दुसऱ्याचं नाव कोचच्या वहीत जाणार. जो तो बॉल पायात घेऊन तिघांना चकवायला जातो आणि चौथ्यापाशी पडतो. मुलगी बघायला जाऊन चहाचा कप कसा धरला यावरून संसार ठरवावा, तसला हा प्रकार.

यात सगळ्यात मार खातो तो स्टॉपर. माझ्या गाडीत एक पोरगा असायचा. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत मोल्डिंगला, रात्रपाळी करून संध्याकाळी प्रॅक्टिस. नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. शाहू स्टेडियमवर या पोराला मी कितीतरी वेळा खेळताना बघितलंय. तो घसरत नाही, अंगावर जात नाही, ओरडतो मात्र सारखा. समोरचा स्ट्रायकर पळायच्या आधी हा दोन पावलं मागं सरकलेला असतो, म्हणून त्याच्या बाजूनं काही घडतच नाही. गॅलरीतल्या जाणत्यांना हे दिसतं, कारण त्यांनी त्याला वर्षानुवर्षं त्याच दोघा-तिघांबरोबर खेळताना पाहिलंय. नवी मुंबईत त्या वीस मिनिटांतही त्याच्या बाजूनं काही घडलं नाही. तिथं त्याचा अर्थ एवढाच झाला, की हा नंबर काही करत नाही.

बुटांचंही तेच. आमच्याकडं गवताचं मैदान, लांब स्टडचे बूट. तिकडं आर्टिफिशियल टर्फ, म्हणजे कृत्रिम गवत. पोस्टरवर ते लिहिलेलं नसतं. पहिल्या पाच मिनिटांत पोरं घसरून पडतात, आणि दोघांच्यात मिळून टर्फच्या बुटांची एक जोडी असेल तर आपला नंबर संपला की बूट काढून जाळीवरून पलीकडं फेकायचे.

क्लबवाल्यांची बाजू मला कळत नाही असं नाही. एका दिवसात शेकड्यांनी पोरं येणार, कोच दोन-तीन, मैदान तासांवर भाड्यानं घेतलेलं. ते तरी काय करणार? पण मग याला निवड म्हणू नका. मोठी उदाहरणं काढून बघा. पोरांच्या तोंडी इंग्लंडच्या जेमी वार्डीचं नाव कायम असतं. सोळाव्या वर्षी शेफील्ड वेन्सडे क्लबनं सोडलेला, स्टॉक्सब्रिजकडून आठवड्याला तीस पाउंडांवर खेळणारा, दिवसा कारखान्यात काम करणारा माणूस २०१६ मध्ये लेस्टरकडून प्रीमियर लीग जिंकतो. पोरांना वाटतं, आपणही एका ट्रायलला गेलो की झालं. अरे, पण वार्डी कुणाच्या वीस मिनिटांत सापडला नाही! खालच्या लीगमध्ये तो शनिवारमागून शनिवार गोल मारत होता आणि बघणारे तिथं जात होते. फ्लीटवूडकडून एका हंगामात ३१ लीग गोल केले, तेव्हा २०१२ मध्ये लेस्टरनं दहा लाख पाउंड मोजले.

आपल्याकडचं घ्या. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताचा पहिला गोल मणिपूरच्या जॅक्सन सिंगनं कोलंबियाविरुद्ध हेडरनं मारला. हा पोरगा सुरुवातीच्या निवडीत नव्हता. त्याच्या मिनर्व्हा अकादमीच्या संघानं भारताच्या या संघाला सराव सामन्यात हरवलं, त्यानंतर तो आत आला. म्हणजे तोही मॅचमध्येच दिसला. त्याच विश्वचषकात आमचा अनिकेत जाधव फॉरवर्ड खेळत होता. त्याचं नाव घेऊन घरोघरी पोरांना सांगतात, बघ, कोल्हापूरचा पोरगा कुठं गेला. पण अनिकेत लहानपणीच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत, म्हणजे सरकारच्या निवासी क्रीडाशाळेत गेला, हे सांगत नाहीत. विसाव्या वर्षी रांगेत उभा राहून तो तिथं पोचलेला नाही.

आणि रांगेत उभं राहायला महाराष्ट्रात क्लबांची दारं तरी किती उरलीत? महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद. पुणे एफसी आणि भारत एफसी दोन्ही २०१५ मध्ये गेले, भारत एफसी तर एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजीयन्स २०१७ नंतर दिसला नाही. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळला, त्याची आयएसएल या देशातल्या सर्वोच्च लीगमधली जागा हैदराबादला गेली आणि २०२५ मध्ये तिथून दिल्लीला. आयएसएलमध्ये महाराष्ट्राचा आज एकटा मुंबई सिटी. त्यात २०२५-२६ ची आयएसएल स्पर्धा चालवायच्या हक्कांच्या करारावरून वेळेवर सुरूच झाली नाही. त्या महिन्यांत ट्रायलची पोस्टरं मात्र थांबली नव्हती. ज्या क्लबांना स्वतःचे सामने कधी आहेत हे ठाऊक नव्हतं, त्यांच्या नावानं नोंदणी चालू होती.

त्या नोंदणीचं एक सांगतो. एका अकादमीनं (नाव देत नाही) माझ्या गाडीतल्या पोरांकडून माणशी दीड हजार घेतले. आठवड्यानं सगळ्यांना मेसेज: तुमची पुढच्या फेरीसाठी निवड झाली आहे, अमुक रक्कम भरा. सगळ्यांना! त्यात सकाळी पाय मुरगळून बाकावर बसून राहिलेल्या पोरालाही. पोरं हसली, पण दोघांनी पैसे भरले. खऱ्या क्लबांच्या ट्रायल फुकट असतात किंवा नाममात्र फी असते, पण तिथं दुसरंच दुखणं. निवड झाली नाही हे ते कळवत नाहीत. महिनाभर पोरं फोन खाली ठेवत नाहीत. फौंड्रीवाल्या पोरानं पाळी बदलून मागितली होती, बोलावणं आलं तर लगेच निघता यावं म्हणून. ‘नाही’ एवढं लिहून पाठवायला काय लागतं?

१४ डिसेंबर २०२५ ला वानखेडेवर मेस्सी आला, राज्य सरकारच्या ‘प्रोजेक्ट महादेवा’चा गाजावाजा झाला. चांगली योजना आहे, जिल्ह्याजिल्ह्यांतून मुलं आणि मुलीही निवडल्या, याचा आनंद आहे. पण ती १३ वर्षांखालच्यांसाठी. माझ्या गाडीत बसतात ती एकोणीस ते बावीसची. त्यांच्यासाठी कुठलाच मेस्सी येणार नाही, आणि त्यांना तो नकोही आहे. वही घेतलेला एक माणूस पुरे.

आता आमच्या पेठांचंही बोलायला हवं, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. पोरगा सतराचा झाला, जरा चमकला, की तालीम त्याला डोक्यावर घेते. हंगामाला थोडे पैसे, गल्लीत डिजिटल फलक, मॅच जिंकली की खांद्यावरून मिरवणूक. मग त्याला वाटतं बाहेर जायची घाई काय. बाहेर जातो म्हणाला तर पेठेचेच लोक तोंड फिरवतात, ‘फायनलला सोडून चालला.’ बावीसाव्या वर्षी डोळे उघडतात, तोवर २१ वर्षांखालच्या स्पर्धांचं दार बंद झालेलं असतं. वर बाहेरून आणलेल्या खेळाडूंना जागा देण्यासाठी त्यालाच बाकावर बसवतात. आणि मैदानातल्या हाणामाऱ्या, दगडफेक, अर्ध्यावर थांबलेल्या मॅचेस? बाहेरचा स्काउट, म्हणजे क्लबसाठी खेळाडू हेरणारा माणूस, एकदा आला आणि त्या दिवशी गॅलरीतून बाटल्या पडल्या, तर तो परत कशाला येईल? ईर्ष्या आमचं भूषण आहे, मान्य. पण त्या ईर्ष्येत आमचीच पोरं झाकली जातात.

तरीही सांगतो, शाहू स्टेडियमवर केएसएची (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची) लीग चालते तसं फुटबॉल महाराष्ट्रात फार ठिकाणी बघायला मिळत नाही. सोळा संघ, भरलेली गॅलरी, दडपणाखाली खेळणारी पोरं. कुठलाही क्लब पैसे खर्चून असली परीक्षा उभी करू शकणार नाही. तेव्हा मुंबई-गोव्याच्या क्लबांनी पोरांना रात्रभर प्रवास करून बोलावण्याऐवजी हंगामात आठवडाभर आपला एक माणूस इथं बसवावा. लागोपाठच्या चार-पाच मॅचेस त्यानं बघाव्यात. केएसएनं त्याला संघांच्या याद्या द्याव्यात, जन्मतारखांसकट, आणि मॅचेसचं नीट चित्रीकरण ठेवावं, म्हणजे ज्याला यायला जमत नाही त्यालाही पाठवता येईल. एकही पोरगा निवडला नाही तरी चालेल. त्यांना खेळताना बघून नाही म्हटलं, एवढं तरी होईल.

फौंड्रीवाला पोरगा अजून खेळतो. पण ट्रायलच्या गाडीत आता तो बसत नाही. मागच्या वेळी विचारलं तर म्हणाला, ‘मामा, सुट्टी मिळत नाही.’

कुणा क्लबला खरोखर माणूस पाठवायचा असेल, तर त्याला स्टेशनवरून स्टेडियमवर न्यायला-आणायला गाडी माझी, डिझेलसुद्धा माझं. फक्त पाटाकडील आणि दिलबहार या तालमींची मॅच असेल त्या दिवशी त्यानं दुपारी दोनच्या आत यावं. नंतर गाडी लावायला जागा मिळत नाही.

आपला,
एक टेम्पो ट्रॅव्हलर चालक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर