टेम्पोत गेलेला सहावा खंड

संपादक महोदय,

गेल्या महिन्यात चरईत आमच्या मागची इमारत पुनर्विकासासाठी रिकामी होत होती. रद्दीवाल्याच्या टेम्पोत वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांवर कातडी बांधणीचे पाच जाड खंड दिसले. मॅथ्यू हेन्रीची बायबलवरची इंग्रजी टीका. सहावा कुठे, विचारलं तर पोऱ्या म्हणाला, "सकाळच्या खेपेला गेला." पाच खंड मी चौदा रुपये किलोने घेतले. हेन्री १७१४ साली वारला तेव्हा बायबलच्या नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकापर्यंत, म्हणजे सहाव्या खंडाच्या सुरुवातीपर्यंतच आला होता; पुढचं काम इतर पाद्र्यांनी पुरं केलं. म्हणजे सहाव्यातला बराचसा हेन्री नव्हेच, अशी मी मनाची समजूत घालतो.

मी ख्रिस्ती नाही, आमच्या घरात वारी आहे. शेजारी म्हणतात, "काका, बायबलवर टीका? उगाच वाद कशाला!" त्यांना सांगावं लागतं की ज्ञानेश्वरीही टीकाच. गीतेचे ७०० श्लोक, माउलींच्या ओव्या नऊ हजारांच्या घरात. हेन्रीही एकेका वचनावर असाच रेंगाळतो. शिवाय या खंडांत कुणीतरी समासात पेन्सिलीने मराठी प्रतिशब्द लिहिलेत. 'ग्रेस'शेजारी आधी 'कृपा', मग ते खोडून 'प्रसाद'. त्या एका खाडाखोडीपायी माझी अख्खी दुपार गेली.

जुनं म्हणजे कुजलेलं, असं समजून ही पुस्तकं टाकतात. उलट, दोनशे वर्षांपूर्वीचा कागद चिंध्यांचा, तो बरेचदा अजून धट्टाकट्टा असतो. १९०० च्या आसपासचा लाकडाच्या लगद्याचा कागद मात्र पापडासारखा मोडतो. कातड्याची लाल भुकटी हाताला लागली तर पुसून टाका, पण कृपा करून सेलोटेप लावू नका.

जवळच्या एका वाचनालयाने हे खंड "धार्मिक आहेत, जागा नाही" म्हणून नाकारले. पलीकडच्याच कपाटात पोथ्या होत्या! १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय असलेल्या आपल्या ठाण्यात अशा पुस्तकांना एखादं कपाट मिळू नये? 'यमुनापर्यटन'वाल्या बाबा पदमनजींनी नव्या करारावर मराठीत टीका लिहिली. तिची जुनी प्रत मी कित्येक वर्षं शोधतोय. तीही अशाच कुठल्या तरी माळ्यावर असेल. घर रिकामं करताना वजनकाटा बोलावण्याआधी निदान पहिलं पान उघडून पाहा.

आणि तो सहावा खंड कुणी उचलला असेल तर खुशाल ठेवून घ्या. मला फक्त त्यातल्या पेन्सिलीच्या खुणा उतरवून घ्यायच्या आहेत.

— एक निवृत्त वाचक, चरई, ठाणे