'रिलेट होत नाही' एवढ्याने भागत नाही

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील पुस्तकांची परीक्षणे आणि नाटक-चित्रपटांवरील लेख मी अनेक वर्षे नेमाने वाचत आले आहे. अलीकडे त्यांत एक शेरा इतक्या सर्रास आढळू लागला आहे की त्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. 'नायिका रिलेट होत नाही', 'नायकाशी नाळ जुळत नाही', 'एकही पात्र जीव लावावे असे नाही' अशा वेगवेगळ्या शब्दांत तो येतो आणि बहुतेक वेळा परीक्षण तिथेच थांबते, जणू याहून अधिक कारण देण्याची गरजच उरलेली नसते. एखादे पात्र आपल्याला आवडले नाही हे सांगण्याचा प्रत्येक वाचकाला पूर्ण अधिकार आहे. माझा आक्षेप आहे तो आपली नावड हाच कलाकृतीचा दोष मानण्याला.

मुळात पात्र आवडणे आणि पात्र आपल्यासारखे वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या शेऱ्यात त्यांची सरमिसळ झालेली असते. साहसकथेतला नायक आवडतो, पण तो आपल्यासारखा मुळीच नसतो. उलट काही पात्रे नकोशी वाटतात ती नेमकी आपल्यासारखी असतात म्हणून. आपण स्वतःपासूनही लपवलेला मत्सर किंवा भित्रेपणा तिथे उघडा पडलेला दिसतो. याखेरीज तिसराही एक वर्ग आहे. ही पात्रे आवडत नाहीत, आपल्यासारखीही नसतात, तरीही आपल्याला धरून ठेवतात.

रशियन कादंबरीकार दस्तयेव्हस्कीच्या १८६६ सालच्या 'क्राइम अँड पनिशमेंट' या कादंबरीतील रास्कोल्निकोव्ह या तिसऱ्या वर्गातला आहे. हा गर्विष्ठ, तिरसट, माणसांना तोडून वागणारा तरुण सावकारी करणाऱ्या एका म्हातारीचा खून करतो आणि त्या वेळी अवचित घरात आलेल्या तिच्या बहिणीलाही कुऱ्हाडीने मारतो. त्यानंतर तो निघणार एवढ्यात दोन माणसे जिना चढून येतात आणि घंटा वाजवतात. दार उघडत नाही म्हणून त्यांतला एक जण ते जोरजोराने ओढू लागतो. दाराच्या आत, हातात कुऱ्हाड घेतलेला रास्कोल्निकोव्ह कोयंड्यात उसळणाऱ्या कडीकडे नुसता पाहत उभा असतो. दार ओढले की थोडे हलते आहे, म्हणजे ते कुलपाने नव्हे तर आतून कडीने बंद आहे, म्हणजे आत कोणीतरी आहे, हे बाहेरच्या माणसाच्या लक्षात येते. हा प्रसंग वाचताना माझा श्वास दर वेळी अडकतो, आणि तो खुन्याच्या बाजूने अडकतो. बाहेरची माणसे निरपराध आहेत, त्यांनी दार उघडायला हवे, हे बुद्धीला ठाऊक असते. तरी ती कडी निघू नये असेच वाटत राहते.

हे कसे साधले? लेखकाने त्याला गोड करून दाखवले म्हणून नव्हे. त्याच्या घराच्या फाटकापासून म्हातारीच्या घरापर्यंत नेमकी ७३० पावले आहेत हे त्याने मोजलेले आपल्याला माहीत असते; कुऱ्हाड अडकवण्यासाठी कोटाच्या आत कापडाचा फास शिवताना आपण त्याच्या शेजारी बसलेलो असतो. इतक्या जवळून इतका वेळ एका मनात वावरल्यावर ते मन आपल्याला आवडते की नाही हा प्रश्न मागे पडतो. परकायाप्रवेश हा शब्द आपण लेखकाच्या संदर्भात नेहमी वापरतो, पण तो वाचकालाही करावा लागतो, आणि त्यासाठी ती काया देखणी असावी अशी अट कधीच नव्हती.

आपल्या काव्यशास्त्राने या प्रश्नाचा फार पूर्वी आणि फार बारकाईने विचार केलेला आहे. भट्टनायकाने मांडलेला आणि अभिनवगुप्ताने पुढे नेलेला साधारणीकरणाचा सिद्धान्त आजकाल पुष्कळदा 'पात्र आपल्यासारखे वाटणे' अशा अर्थाने सांगितला जातो. तो अर्थ मला चुकीचा वाटतो. रंगमंचावरचे दुःख हे त्या पात्राचे खासगी दुःख राहत नाही आणि माझेही खासगी दुःख होत नाही, म्हणूनच त्याचा आस्वाद घेता येतो, असे तिथे म्हटले आहे. अभिनवगुप्ताने रसाच्या, म्हणजे कलेच्या आस्वादाच्या, आड येणाऱ्या विघ्नांची जी यादी दिली आहे, तीत 'निजसुखादिविवशीभाव' हे एक विघ्न आहे. प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात इतका गुंतलेला असतो की समोरच्या नाटकाला त्याच्या मनात जागाच उरत नाही, असा त्याचा अर्थ. ज्याला आज आपण पुस्तकाचा गुण म्हणतो, म्हणजे पानोपानी आपलेच आयुष्य आठवणे, त्याच्या फार जवळ जाणारी ही अवस्था आहे आणि शास्त्रकाराने तिला अडथळा मानले आहे. 'सहृदय' या शब्दाची त्याने केलेली व्याख्याही येथे आठवावी. काव्याच्या सततच्या अभ्यासाने ज्यांच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे आणि त्यामुळे वर्ण्य विषयाशी तन्मय होण्याची योग्यता ज्यांच्या अंगी आली आहे, ते सहृदय. ही योग्यता त्याने वाचकाकडे मागितली आहे, पात्राकडे नव्हे.

साहित्यिक न. चिं. केळकरांची 'सविकल्प समाधी' ही कल्पनाही याच वाटेवरची आहे. दुसऱ्याच्या भूमिकेत शिरायचे आणि त्याच वेळी स्वतःचे भानही सुटू द्यायचे नाही, या दुहेरी अवस्थेतच वाचनाचा आनंद आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पात्र आधीपासूनच आपल्यासारखे असेल, तर दुसऱ्याच्या भूमिकेत शिरण्याचा प्रश्नच येत नाही.

उलट बाजूने ॲरिस्टॉटलचा दाखला दिला जाईल, आणि तो द्यायलाच हवा. आपल्यासारख्या माणसावर संकट आले तरच आपल्याला भय वाटते, असे त्याने शोकांतिकेची चर्चा करणाऱ्या 'पोएटिक्स' या ग्रंथात स्पष्ट म्हटले आहे. पण तो ज्यांची उदाहरणे देतो, त्यांत इडिपस आहे. पित्याला ठार मारलेला, मातेशी विवाह केलेला राजा परिस्थितीने किंवा स्वभावाने कोणत्या प्रेक्षकासारखा होता? ॲरिस्टॉटलला अभिप्रेत असलेले साम्य एवढेच की तो माणूस सद्गुणांचा पुतळाही नाही आणि निव्वळ दुष्टही नाही. त्याचा घात होतो तो त्याच्या हातून घडलेल्या एखाद्या मोठ्या चुकीमुळे. एवढेच साम्य पुरेसे मानायचे असेल, तर माझी काहीच तक्रार नाही.

आवडत्या पात्रावर विसंबून राहणे किती फसवे ठरू शकते, हे मला सर्वांत प्रखरपणे जाणवले ते विजय तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'मध्ये. १९७२ साली रंगमंचावर आलेल्या या नाटकातील सखाराम नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना घरी आणून ठेवतो, शिव्या देतो, मारतो. त्याच्यापुढे उभी असते ती लक्ष्मी, देवभोळी, सोशिक, एकटी असताना मुंगळ्याशी बोलणारी. प्रेक्षकाचा सगळा जीव तिच्यात गुंतावा अशीच तिची घडण आहे आणि तो गुंततोही. शेवटाकडे हीच लक्ष्मी, सखारामने तिच्यानंतर घरी आणलेल्या चंपाचे गुपित त्याच्या कानावर घालते, त्या भरात सखाराम चंपाचा गळा आवळतो, आणि तो सुन्न होऊन उभा असताना प्रेत पुरण्याच्या तयारीला लागते ती लक्ष्मी. तिला ते पापही वाटत नाही. दोन अंकांपूर्वी आपण जिच्या बाजूने बसलो होतो, तिच्या निष्ठेच्या पोटात हे होते, हे पाहताना प्रेक्षकाला स्वतःच्या आवडीनिवडीचाच हिशेब द्यावा लागतो. लक्ष्मी गोड नसती तर हे साधले नसते, आणि ती शेवटपर्यंत गोड राहिली असती तरीही नसते. या नाटकाला 'कोणाशीच नाळ जुळत नाही' असा शेरा मारून बाजूला सारणारा प्रेक्षक नेमके काय गमावतो, हे मला वेगळे सांगण्याची गरज वाटत नाही.

ही मागणी सर्वांना सारखी लावली जात नाही, हेही नोंदवले पाहिजे. पुरुष पात्र अहंकारी, संतापी, स्वार्थी असेल तर त्याला 'गुंतागुंतीची व्यक्तिरेखा' म्हटले जाते. तेच गुण बाईत आले की ती 'सहानुभूती मिळवू शकत नाही'. अमेरिकन कादंबरीकार क्लेअर मेसूद यांना २०१३ साली एका मुलाखतीत विचारले गेले, की तुमच्या या संतापलेल्या नायिकेशी कोणाला मैत्री करावीशी वाटेल का? 'लोलिता' कादंबरीतल्या, अल्पवयीन मुलीचे शोषण करणाऱ्या हंबर्ट हंबर्टशी तुम्हाला मैत्री करावीशी वाटेल का, असा प्रतिप्रश्न त्यांनी केला, तो अगदी योग्यच होता.

जेन ऑस्टिनला तर हे दोनशे वर्षांपूर्वीच ठाऊक होते. माझ्याखेरीज कोणाला फारशी आवडणार नाही अशी नायिका मी घेणार आहे, असे तिने 'एमा' लिहायला घेताना म्हटल्याचे तिच्या भाच्याने लिहिलेल्या आठवणींत आहे. विशीत मी ही कादंबरी अर्ध्यावर सोडली होती, कारण दुसऱ्यांची लग्ने जुळवत फिरणारी ती श्रीमंत, स्वतःवर खूश असलेली मुलगी मला सहन झाली नव्हती. पुष्कळ वर्षांनी मी बॉक्स हिलवरच्या सहलीच्या प्रसंगापर्यंत पोहोचले. प्रत्येकाने एक चतुर किंवा तीन कंटाळवाणी वाक्ये बोलावीत असा खेळ ठरतो. गरीब, बडबड्या मिस बेट्स भोळेपणाने म्हणतात की मी तोंड उघडताच तीन कंटाळवाणी वाक्ये बोलेन. त्यावर एमा पटकन म्हणते की अडचण अशी आहे, एका वेळी तीनच बोलता येतील. मिस बेट्सना त्यातली खोच लगेच कळत नाही. कळते तेव्हा त्या रागावत नाहीत, किंचित लाल होतात आणि म्हणतात की मी फारच नकोशी होत असले पाहिजे, नाहीतर ती जुन्या मैत्रिणीला असे बोलली नसती. घरी परतताना गाडीत एमाचे डोळे वाहत राहतात. जी नायिका मला आवडली नव्हती, तिची लाज मला आपली वाटली, आणि तशी ती वाटली याचे कारण ऑस्टिनने तिला आधी आवडण्याजोगी केली नव्हती.

तरीही दुसरी एक बाजू आहे आणि ती मला मनापासून मान्य आहे. ज्यांचे जगणे छापील पानावर कधी आलेच नाही, त्यांना पहिल्यांदा आपल्यासारखे माणूस पुस्तकात भेटणे ही फार मोठी गोष्ट असते. बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ साली आला तेव्हा अनेकांना तसे वाटले असणार. त्या ओळखीच्या आनंदाला मी अभिरुचीचा दोष कदापि म्हणणार नाही. परंतु त्याच संग्रहाकडे 'रिलेट होणे' हीच कसोटी घेऊन गेलेल्या सुस्थित वाचकाला काय म्हणता आले असते? हे जग माझे नाही, ही माणसे माझ्यासारखी नाहीत, तेव्हा पुस्तक फसले. म्हणजे ज्या कसोटीने एकाला दार उघडते, तीच दुसऱ्याच्या हातात पडली की दार लावून घेण्याची सबब होते. आणि ज्यांचे जग आधीच पुस्तकांत भरभरून आलेले आहे, त्यांच्या हाती ती बहुतेक वेळा असते, याचा विचार परीक्षकांनी करायला हवा.

लिहिणाऱ्यांवर याचा परिणाम होतच असतो. पटकथेच्या धंद्यात 'सेव्ह द कॅट' नावाची युक्ती रूढ आहे. ब्लेक स्नायडर यांच्या २००५ सालच्या पुस्तकाने ती जगभर पोहोचवली. नायक सुरुवातीलाच काहीतरी भले करताना दिसला, एखादी मांजर वाचवताना दिसला, की प्रेक्षक त्याच्या बाजूचे होतात. युक्ती म्हणून ती वाईट नाही. पण प्रत्येक कडू पात्राच्या मागे एक दुःखी बालपण चिकटवलेले, प्रत्येक कठोर बाईला तिसऱ्या प्रकरणात रडायला लावलेले मी जेव्हा वाचते, तेव्हा लेखक पात्राकडे पाहत नसून आपल्या परीक्षकाकडे पाहत होता हे लगेच कळते.

पात्र फसते, यात शंका नाही. त्याच्या मनात काय चालले आहे याचा लेखकालाच पत्ता नसतो, किंवा तो त्याचा इतका तिरस्कार करतो की त्याला शिव्या खाण्यापलीकडे काही कामच देत नाही, किंवा क्रौर्य एकाच सुरात दोनशे पाने चालू राहते आणि वाचक बधिर होतो. हे सर्व खरे दोष आहेत आणि ते मजकुरातून दाखवून देता येतात. आपल्या परीक्षकांना माझी विनंती एवढीच आहे की पात्राशी जुळले नाही असे लिहायचे असेल, तर ते कोणत्या प्रसंगापाशी तुटले आणि तिथे लेखकाने काय केले किंवा काय करायचे टाळले, हे निदान दोन ओळींत लिहावे. त्या दोन ओळी वाचून मी पुस्तक घ्यायचे की नाही हे ठरवीन, आणि परीक्षकाशी माझे मत जुळले नाही तरी त्यांची आभारी राहीन.

आपली,
एक नियमित वाचक