‘एमडी’चे वजन छापता, लक्षणेही छापा

महोदय,

शिंदे गावातील कारखान्यावर ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबई पोलिसांचा छापा पडला, तेव्हापासून ‘एमडी’ या अमली पदार्थाचे नाव नाशिकमध्ये घरोघरी पोचले आहे. माल किती किलोचा आणि किती कोटींचा, हे प्रत्येक बातमीत असते; परंतु ते शरीरात गेल्यावर माणसाला नेमके काय होते, हे माझ्या तरी वाचनात कधी आले नाही. आले असते, तर माझ्या भाच्याच्या बाबतीत आमचे पाच महिने वाया गेले नसते.

एमडी म्हणजे मेफेड्रोन. 1929 मध्ये प्रथम तयार झालेले हे रसायन पुढे कित्येक दशके कोणाच्या खिजगणतीत नव्हते. या शतकाच्या पहिल्या दशकात ते युरोपात ‘झाडांचे खत’ अशा लेबलाखाली उघड विकले जाऊ लागले. ब्रिटनने एप्रिल 2010 मध्ये त्यावर बंदी घातली आणि आपल्याकडे 2015 मध्ये ते अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आले. त्याने मेंदूतील डोपामिन व सेरोटोनिन ही रसायने एकदम उसळतात, अंगात तरतरी येते, बोलावेसे वाटते आणि समोरच्या माणसाविषयी विलक्षण माया दाटून येते.

या मायेनेच आम्ही फसलो. एरवी ‘हो’, ‘नाही’ एवढेच बोलणारा मुलगा एका रात्री आईचा हात हातात घेऊन तीन वाजेपर्यंत लहानपणीच्या आठवणी सांगत बसला. ताईला वाटले, देवाने गाऱ्हाणे ऐकले. दुसऱ्या दिवशी ती कालिकामातेची ओटी भरून आली. त्याची बोटे गार आणि निळसर पडली होती, जबडा सारखा हलत होता, गाल आतून दातांनी सोलून निघाला होता, हे सारे तिने पाहिले होते. मात्र ही लक्षणे आहेत, हे तिला कोण सांगणार?

नाकावाटे घेतलेल्या एमडीचा अंमल तास-दोन तासांत उतरतो आणि लगेच पुन्हा घेण्याची तलफ येते, म्हणून एका रात्रीत अनेकदा घेतले जाते. त्यानंतर झोप नाही, भूक नाही, मन पार खचलेले. काहींना कोणीतरी पाठलाग करत असल्याचा भास होतो. भाचा दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राही. जवळच्या डॉक्टरांनी परीक्षेचा ताण म्हणून शक्तीच्या गोळ्या दिल्या. लघवीची तपासणीही निर्दोष आली. नेहमीच्या अनेक चाचण्यांत मेफेड्रोन सापडतच नाही, हे आम्हाला फार उशिरा कळले.

म्हणून विनंती अशी, की छाप्याच्या प्रत्येक बातमीसोबत लक्षणांची चौकट द्यावी. छातीत दुखणे, अंग तापणे किंवा झटके येणे असे काही झाल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे आणि काय घेतले ते डॉक्टरांना न लपवता सांगावे, हे त्यात असावे. केंद्र सरकारच्या व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा 14446 हा क्रमांकही असावा. स्वतःहून सरकारमान्य रुग्णालयात उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला, सेवन किंवा अल्प साठ्याच्या गुन्ह्यात, अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 64अ नुसार खटल्यापासून संरक्षण मिळू शकते, हेही छापावे. पोलिसांच्या भीतीने आम्ही शेवटचा महिना घरातच काढला. चौकट चार ओळींची असली तरी चालेल, पण ती कोटींच्या आकड्याशेजारीच असावी.

– एक मावशी, गंगापूर रोड, नाशिक