गॅदरिंगच्या व्हिडिओचं कुलूप काढू नका, परवानगी मागायची सोय करा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मी तासगाव तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. पोषण ट्रॅकर (अंगणवाडीच्या नोंदी भरायचं सरकारी अॅप) आल्यापासून, म्हणजे २०२१ पासून, मोबाइल दिवसभर हातातच असतो, त्यामुळे गावातल्या बायकांचं फोनवर काही अडलं की त्या माझ्याकडेच येतात. एवढं आधी सांगितलं कारण खाली जे लिहितेय ते कुठे वाचून लिहीत नाहीये, घरात घडलंय आणि त्यात माझीही चूक आहे.

माझी भाची पुण्यात पाचवीला आहे. जानेवारीत त्यांच्या शाळेचं गॅदरिंग झालं, त्यात तिच्या वर्गातल्या १२ मुलींनी मंगळागौरीचे खेळ केले. झिम्मा, फुगडी, पिंगा सगळं. आणि फुगडी तिला शिकवली होती माझ्या आईने, दिवाळीच्या सुट्टीत आमच्या अंगणात. आई ७६ वर्षांची आहे, गुडघे गेलेत, तरी भिंतीला टेकून उभी राहून "पाय जवळ ठेव, मागं झुकून रेल, हात सोडू नकोस" असं रोज संध्याकाळी चालायचं. पुण्याला गॅदरिंगला जाणं तिला जमणार नव्हतं, मग तिचं एकच म्हणणं होतं की मला फोनवर दाखवा.

शाळेने पाचवीच्या सगळ्या नाचांचा मिळून एक व्हिडिओ यूट्यूबवर टाकला आणि तो प्रायव्हेट ठेवला. पालकांकडून जीमेल आयडी मागवून घेतले आणि त्या आयडींनाच परवानगी दिली. भावाने लिंक मला आणि आईला पाठवली. संध्याकाळी आईचा फोन, "आगं, समदं काळंच दिसतंय, पोरगी कुठाय?" माझ्या फोनवरही तेच, व्हिडिओ खाजगी आहे, परवानगी असेल तर साइन इन करा. आता आईला कोण सांगणार की परवानगी म्हणजे काय, तिला वाटलं नातीने मुद्दाम दाखवलं नाही.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला पाहिजे जी बऱ्याच जणांना माहीतच नसते. प्रायव्हेट व्हिडिओची लिंक तुमच्याकडे असून काही उपयोग नाही. व्हिडिओच्या मालकाने तुमचा ईमेल त्या व्हिडिओच्या यादीत टाकला पाहिजे आणि तुमच्या फोनमधलं यूट्यूब त्याच ईमेलने उघडलेलं पाहिजे, दोन्ही जुळलं तरच दिसतं. मोबाइल नंबर देऊन चालत नाही. आणि गूगल ड्राइव्हवर कसं, बंद फाइल उघडली तर परवानगी मागायचं बटण येतं, ते दाबलं की मालकाला मेल जातो, तसं बटण यूट्यूबच्या प्रायव्हेट व्हिडिओला नाही. तिथे माणसानेच माणसाला फोन करून सांगावं लागतं की बाबा माझा हा आयडी, मला घे. (ड्राइव्हचं तरी काय, बटण दाबलेलं असतं आणि मेल ज्याला गेला तो मेल बघतच नाही, आठ आठ दिवस. हेही मी पाहिलंय.)

मी दुसऱ्या दिवशी सकाळीच आईकडे गेले. फोन घेतला, सेटिंगमध्ये गेले, गूगलचं खातं बघितलं तर ईमेलमध्ये मोबाइलच्या दुकानाचं नाव आणि पुढे सहा आकडे. फोन घेतला तेव्हा दुकानातल्या पोराने स्वतःच काहीतरी खातं बनवून टाकून दिलेलं. आईला ईमेल माहीत नाही, पासवर्ड तर दुकानातल्या पोरालाही आठवत नाही. आणि साहेब, ही एकट्या आईची गोष्ट नाही हो. मी नंतर आमच्या वाडीतल्या अकरा बायकांचे फोन बघितले, त्यातल्या सात जणींचं हेच. व्हॉट्सअॅप नंबरवर चालतं, म्हणून ईमेल नावाची वस्तू आपल्या फोनमध्ये आहे हेच त्यांना माहीत नाही.

तरी परवानगीपुरता पासवर्ड लागत नाही, फोनमध्ये जे खातं आधीच चालू आहे त्याचा ईमेल दिला तरी काम होतं. म्हणून तो दुकानाच्या नावाचा ईमेल मी कागदावर उतरवला, माझा लिहिला, भावाला पाठवला, त्याने वर्गशिक्षिकांना पाठवला. आणि तिथे अडलं. एका प्रायव्हेट व्हिडिओला ५० च खाती जोडता येतात. भाचीच्या एका वर्गातच ४४ मुलं, पाचवीच्या तुकड्या दोन, आणि व्हिडिओ सगळ्यांचा मिळून एकच. ज्यांनी आयडी आधी दिले ते आत, बाकीचे बाहेर. कित्येक आई-वडिलांनाच दिसेना, तिथे आजीचा नंबर कुठून लागणार. पालकांच्या ग्रुपवर भांडणं सुरू झाली, आमच्या मुलांनी काय कमी कष्ट केले का, फी आम्ही पण भरतो, असं काय काय.

आणि त्या गोंधळात मीही भावाला म्हणाले, अरे शाळेला सांग ना लिंक उघडी करा म्हणून, आई दोन दिवस जेवणावर मन लावत नाहीये. तो म्हणाला, "ताई, सगळे तेच सांगतायत." चौथ्या दिवशी शाळेने कंटाळून व्हिडिओ अनलिस्टेड केला. म्हणजे शोधून सापडणार नाही पण लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला दिसणार, खातं नको, परवानगी नको, काही नको.

आईने पाहिला. एका बसणीत सहा वेळा पाहिला. फोन डोळ्यापासून हातभर लांब धरून, फुगडी आली की बोट लावून थांबवायची आणि मला दाखवायची, "बघ, रेलली की नाही मागं?" तो आनंद मी खोटा कशाला म्हणू.

तीन दिवसांनी आमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर एक बारा-तेरा सेकंदांची क्लिप आली. वर हसण्याच्या इमोजींची रांग. फुगडी घालताना एका मुलीच्या नऊवारीचा काष्टा सुटला, ती पायात अडकून पडली, उठली, पदर गोळा करत रडत आत पळाली, एवढंच. खाली कुणीतरी घाणेरडं गाणं जोडलेलं. मी पुढे ढकलणार नव्हतेच, पण बंद करणार तेवढ्यात बाजूला हिरवी नऊवारी दिसली आणि ती माझी भाची होती, जोडीदारणीचे हात सुटून तशीच उभी. पुण्यातल्या एका शाळेतली दहा वर्षांची मुलगी, आणि ती क्लिप तासगाव तालुक्यातल्या भजनी मंडळात पोचली तीन दिवसांत. ती मुलगी नंतर दहा दिवस शाळेत आली नाही असं भाचीने सांगितलं. शाळेने व्हिडिओ काढून टाकला, पण क्लिप कुणाकुणाच्या फोनमधून काढणार.

मी ग्रुपवर लिहिलं की ही लहान मुलगी आहे, डिलीट करा, अॅडमिनने केलीही. पण उत्तर काय आलं, तर "शाळेनेच टाकलंय ना मग त्यात काय". हेच मला खुपलं. लिंक मिळाली म्हणजे परवानगी मिळाली असं आपण सगळे धरून चालतो. लिंक म्हणजे परवानगी नाही. अनलिस्टेड लिंक कुणीही पुढे पाठवू शकतो, इतकंच काय स्वतःच्या पब्लिक प्लेलिस्टमध्येही टाकू शकतो आणि मग तिथून ती कुणालाही सापडते. २०१७ च्या आधी टाकलेले अनलिस्टेड व्हिडिओ यूट्यूबने जुलै २०२१ मध्ये, मालकांनी नको म्हणून कळवलं नसेल तर, आपणहून प्रायव्हेट केले, कारण त्या जुन्या लिंका पुरेशा सुरक्षित नव्हत्या. पुढच्या लिंका ओळखायला अवघड केल्या म्हणे, पण ज्याच्या हातात लिंक आहे तो ती व्हॉट्सअॅपवर टाकतो त्याला कोण काय करणार.

शाळेने पहिल्यांदा जे केलं होतं तेच बरोबर होतं, असं मला आता वाटतं. फक्त अर्धवट केलं. आणि आम्ही पालकांनी, आत्यांनी, मामांनी ओरडून ते बंद पाडलं.

मग करायचं काय, तर मी हिशोब करून बघितला. सगळ्या नाचांचा एक व्हिडिओ करूच नये, प्रत्येक नाच वेगळा टाकावा. मंगळागौरीत १२ मुली, प्रत्येकीच्या घरचे चार ईमेल, आई, वडील, आणखी दोन आजी-आजोबा नाहीतर आत्या-मामा जे कोण असतील ते. १२ चोक ४८. पन्नासात बसलं. शूटिंगवाला तसंही कापाकापी करतोच, त्याला नाच सुटे करून द्यायला फार जड नाही. मोठा समूहनाच असेल तर तोच व्हिडिओ दोनदा टाकायचा, अर्धी यादी इकडे अर्धी तिकडे. आणि ईमेल गॅदरिंगच्या आधी मागवावेत, पोशाखाचे पैसे गोळा करतो ना आपण, त्याच कागदावर. नंतर मागितले की धावपळ होते आणि धावपळीत माणूस कुलूप काढून मोकळा होतो. एका शिक्षिकेचं नाव आणि वेळ ठरवून द्यावी, कुणाला दिसत नसेल तर तिला सांगायचं, आणि तिलाही वर्गाच्या कामातून तेवढी सवड द्यावी, फुकटात सगळं बाईंच्याच गळ्यात नको.

संमतीचं पण तसंच. २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा केला, त्यात १८ वर्षांच्या आतल्या मुलांची माहिती वापरायची तर पालकांची संमती घ्यायची, असं आहे. कायद्याचं बारीक मला कळत नाही, पण त्या मुलीच्या आईला कुणी विचारलं होतं का की प्रायव्हेटचा अनलिस्टेड करतोय, चालेल का? ४०-५० पालक ओरडले म्हणून केलं, ती ओरडणाऱ्यांत होती की नव्हती कुणाला ठाऊक. आणि पडल्याचा तेवढा तुकडा कापूनच व्हिडिओ टाकला असता तर इतकं झालंच नसतं, ते आता बोलून काय.

बघणाऱ्यांसाठी पण लिहिते कारण मी आता रोज हेच करतेय. परवानगी मिळाली असं सांगूनही व्हिडिओ दिसत नसेल तर घाबरू नका, बहुतेक वेळा फोनमध्ये दोन खाती असतात आणि यूट्यूब दुसऱ्याच खात्याने उघडलेलं असतं. यूट्यूबमध्ये आपला फोटो किंवा आपल्या नावाचं अक्षर असतं तिथे दाबून खातं बदलायचं. दुसरं म्हणजे लिंक दाबल्यावर कधी कधी यूट्यूब अॅपच्या ऐवजी ब्राउजरमध्ये उघडतं, तिथे तुम्ही लॉगिन नसता, म्हणून परत तेच काळं. आणि ईमेल पाठवताना फोनवर तोंडी सांगू नका, लिहून पाठवा, एक अक्षर किंवा एक आकडा चुकला की गेलं. ओटीपी किंवा पासवर्ड मात्र व्हिडिओ बघायला कुणालाच द्यावा लागत नाही, कुणी परवानगीच्या नावाखाली मागितला तर फोन ठेवून द्या, ते शाळेतले नसतात.

आपल्या पेपरात दर आठवड्याला तंत्रज्ञानाचं पान असतं, त्यात नवीन फोन कुठला आला ते असतं. त्या पानावर एकदा हे छापा, मराठीत, चित्रं काढून, की प्रायव्हेट म्हणजे काय, अनलिस्टेड म्हणजे काय, आपला ईमेल फोनमध्ये कुठे बघायचा आणि परवानगी कुणाकडे कशी मागायची. आमच्याकडच्या बायका ते कात्रण फोनच्या कव्हरमध्ये ठेवतील, मी खात्रीने सांगते. मोबाइल दुकानदारांनाही विनंती, नवीन फोन देताना खातं बनवलं तर ईमेल आणि पासवर्ड बिलाच्या मागे लिहून द्या, वापरणाऱ्याच्या नावाने बनवा.

आईचं नवीन खातं मी मागच्या रविवारी बनवलं, तिच्या स्वतःच्या नावाने. ईमेल मोठ्या अक्षरात लिहून कॅलेंडरच्या मागच्या बाजूला चिकटवलाय आणि तोच भावाकरवी शाळेत दिलाय, पुढच्या गॅदरिंगसाठी. भाची म्हणाली या वर्षी त्या मुलीला परत जोडीला घेणार आहे, ती तयार झाली तर. आईने विचारलं, काष्टा कोण नेसवणार आहे तिला, मला फोनवर दाखवा, मी सांगते गाठ कशी मारायची.

आपली एक वाचक,
अंगणवाडी सेविका, ता. तासगाव, जि. सांगली