वरून उजेड कसा दिसतो

पाजपंढरी, हर्णै
18 नोव्हेंबर 2025

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

पत्र आलं म्हणून घाबरू नका. घर जागेवर आहे, कौलं शाबूत आहेत, तुळशीला रोज पाणी घालतो. मांजर माळ्यावर व्यायली आहे, तीन पिल्लं. एवढीच बातमी.

परवा फोनवर बाबांनी एकच विचारलं, "वरून उजेड कसा दिसतो रे?" मी तोंड उघडणार तोच आईनं फोन घेतला. पुढचं सगळं ताईच्या अख्ख्या बिल्डिंगनं ऐकलं असेल. बाबांना फोनवर तसंही निम्मं ऐकू येत नाही आणि ही काही ओरडून सांगायची गोष्ट नाही. म्हणून लिहायला बसलो. बाबांच्या डोळ्याला अजून वाचायची बंदी आहे, तेव्हा आई, तू मोठ्यानं वाचून दाखव. मधलं गाळायचं नाही. राग आला तर पाणी पिऊन ये आणि पुढे वाच.

तर हो, ताईच्या धाकट्यानं मोबाइलवर दाखवलं ते खरं आहे. मी हेलिकॉप्टरमध्ये बसलो, तेही रात्री, आणि तुम्हाला सांगितलं नाही. स्टेटस लपवताना त्या कार्ट्याचं नाव लपवायच्या यादीत टाकायचं राहिलं.

झालं असं. कॉन्ट्रॅक्ट संपलं तेव्हा जहाज पोर्ट कॅनाव्हेरलला लागलं. हे फ्लोरिडाचं पूर्वेकडचं बंदर. तिथून ओरलँडो गाडीनं तासाभरावर. आमचं विमान दुसऱ्या दिवशी रात्री होतं, म्हणून कंपनीनं ओरलँडोच्या एका हॉटेलात ठेवलं. सात महिने मी समुद्रावर होतो, पण आमच्या गॅलीला, म्हणजे जहाजावरच्या स्वयंपाकघराला, खिडकी नाही. सकाळी अंडी, दुपारी भात, रात्री परत अंडी. बाहेर दर्या आहे की डोंबिवली, काही कळत नाही. बरोबरचा गोव्याचा मित्र म्हणाला, "ज्यांना आपण सात महिने जेवायला घातलं ती निम्मी माणसं जहाजावर चढायच्या आधी नाहीतर उतरल्यावर या बागांमध्ये जातात. आत जायला आपल्याला दिवस नाही. वरून तरी बघू." दिलेले पैसे आईला भेटल्यावर सांगेन. जेवण झाल्यावर.

बागा म्हणजे थीम पार्क. आपल्या पालखीला पाळणेवाले येतात ना, तसे पाळणे, पण डोंगराएवढे आणि वर्षाचे बारा महिने. त्यातलं सगळ्यात मोठं डिस्नेचं. त्यात चार पार्क आहेत. पहिलं 1971 साली उघडलं. दुसरं मोठं नाव युनिव्हर्सल, त्यांनी यंदा मे महिन्यात आणखी एक नवं काढलं. शिवाय सी वर्ल्ड, आणि चारशे फुटांचा एक पाळणा नुसता रस्त्याच्या कडेला.

आता बाबांसाठी. हेलिकॉप्टर चार जणांचं, रॉबिन्सन आर-44. मशीन सहा सिलिंडरचं, आपल्या बोटीसारखंच. फक्त डिझेलऐवजी पेट्रोलवर, आणि पाण्याऐवजी हवेनं गार होतं. चढायच्या आधी वजनकाट्यावर उभं करतात, मासळीसारखं, आणि वजन बघून कोणी कुठे बसायचं ते ठरतं. गोवेकर पुढे गेला, मी मागे. तांडेल, म्हणजे चालवणारा, उजव्या हाताला बसतो. आमची तांडेल मुलगी होती, ताईच्या थोरलीपेक्षा थोडीच मोठी असेल. कानावर हेडफोन चढवले की मशीनचा आवाज दूर जातो आणि फक्त तिचं बोलणं ऐकू येतं.

आणि बाबा, तुम्हाला हे आवडेल. हेलिकॉप्टरला डाव्या अंगाला तांबडा दिवा, उजव्या अंगाला हिरवा, मागे पांढरा. आपल्या बोटीला असतात तेच. मी आठ-नऊ वर्षांचा असताना तुम्ही बंदरावर उभं करून विचारायचात, तांबडा दिसला तर बोट कुठल्या अंगानं चालली? तिथे अंधारात दुसरं हेलिकॉप्टर आमच्या समोरून आडवं गेलं, त्याचा फक्त तांबडा दिसला आणि मी मनातल्या मनात उत्तर दिलं, उजवीकडून डावीकडे. बरोबर निघालं.

आई, तुझ्यासाठी हे. तू म्हणालीस, आपल्याकडे हेलिकॉप्टर येतं ते एकतर मंत्री आला म्हणून, नाहीतर माणसं बुडाली म्हणून. खरं आहे. निसर्ग वादळ झालं तेव्हाची घरघर माझ्याही कानात आहे. पण मशीन बंद पडलं तर ते दगडासारखं पडतं हे खरं नाही. मी बसायच्या आधीच विचारून घेतलं. पात्यांचा कोन लगेच कमी करतात, मग खाली येताना खालून जी हवा लागते तीच पाती फिरवत ठेवते. उक्षीचं वाळलेलं फूल गरगरत खाली येतं तसं. वैमानिकांना हे पुन्हा पुन्हा करून दाखवावं लागतं. मी घाबरलो नाही असं मात्र म्हणणार नाही. जमीन सुटते तेव्हा होडीसारखा हेलकावा येत नाही, काहीच येत नाही, आणि त्या काहीच न येण्यानंच पोटात गोळा आला. मग नाक खाली झुकतं आणि ते पुढे पळतं. मी मित्राच्या सीटची पाठ धरून होतो. त्याला कळलं नाही, तो स्वतः डोळे मिटून होता.

आता उजेड.

पहिला रस्त्यांचा. एका बाजूला पांढरी रांग येणारी, दुसऱ्या बाजूला तांबडी जाणारी, कुठे तुटत नाही. मग तो मोठा पाळणा, रंग बदलत राहतो. मग युनिव्हर्सलच्या बागा. तिथे उजेड एका जागी राहत नाही. आकाशपाळण्यासारख्या गाड्या रुळांवरून वरखाली पळतात आणि दिव्यांची रांगच्या रांग कोसळताना दिसते. माणसं किंचाळत असणार, पण आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. मुकी जत्रा.

डिस्नेच्या डोक्यावरून कमी उंचीवर उडता येत नाही. 2003 पासून तीन सागरी मैल त्रिज्येचा गोल आखून दिला आहे, त्यात तीन हजार फुटांच्या खाली बंदी. त्या मुलीच्या समोरच्या पडद्यावर तो गोल दिसत होता आणि ती त्याच्या कडेकडेनं नेत होती. मला हसू आलं. आपल्या समुद्रातही नकाशावर रेघा आहेत, पण रात्री त्या पाळताना कोणाला बघितलंय?

कडेवरून एपकॉटचा, म्हणजे डिस्नेच्या चारांतल्या एका पार्कचा, चंदेरी गोळा दिसला, 180 फूट उंच. पलीकडे लांबवर राजवाडा, निळा-जांभळा. तो 189 फूट आहे. याचं कारण तिनं सांगितलं ते ऐका. तिकडे दोनशे फुटांहून उंच काही बांधलं तर विमानांसाठी वर तांबडा दिवा लावावा लागतो. परीकथेतल्या वाड्यावर लुकलुकता तांबडा दिवा कसा शोभणार? म्हणून डिस्नेनं आपले वाडे-डोंगर दोनशेच्या आत ठेवले, आणि वरचे दगड-खिडक्या लहान लहान करत नेल्या, म्हणजे खालून बघणाऱ्याला वाडा आहे त्यापेक्षा उंच वाटतो. वरून बघणाऱ्याला मात्र तो आहे तेवढाच दिसतो. कनकदुर्गावरचं दीपगृह आठवलं. ते बिचारं खरं दिसावं म्हणूनच उभं असतं.

तेवढ्यात फटाके सुरू झाले. राजवाड्यामागून वर आले आणि आमच्या पातळीच्या खालीच फुटले. आजवर फटाके मान वर करून बघितले, हे मान खाली करून. आवाज नाही, वास नाही, धूर तेवढा एका बाजूला सरकताना दिसला. ती मुलगी म्हणाली, हे जवळजवळ रोजच असतं. गोवेकरानं तेव्हा डोळे उघडले.

ती सगळी जमीन 25 हजार एकरांच्या आसपास आहे. साठच्या दशकात दलदल आणि संत्र्याच्या बागा होत्या. डिस्नेनं वेगवेगळ्या नावांच्या छोट्या कंपन्या काढून गुपचूप घेतली, म्हणजे भाव चढणार नाही. विकणाऱ्यांना कोण घेतंय ते कळलंच नाही. हे ऐकताना मला आपल्या वाडीच्या वरचा कातळाचा सडा आठवला, आणि तो पांढऱ्या गाडीतून यायचा तो एजंट. प्रत्येक घरी वेगळं नाव सांगणारा. बाबा, तुम्ही त्याला चहा दिलात आणि सही दिली नाहीत. मला तेव्हा राग आला होता तुमचा.

आणि बाबा, मध्येमध्ये काळी भोकं होती. चारी बाजूंनी दिव्यांची किनार आणि आत मिट्ट काळोख. मला आधी खाड्या वाटल्या. पण ती तळी. खाली चुनखडीचा दगड आहे, तो पाण्यात विरघळतो, पोकळी होते, वरची जमीन आत बसते आणि पाणी भरतं. आपल्या जांभ्यावर पाणी झिरपून पळतं, त्यांच्याकडे जमीन घेऊन बसतं. तिथे शेकड्यांनी अशी तळी आहेत. मी त्या काळोखाकडेच जास्त बघत होतो, का कोण जाणे. डोळ्यांना विसावा असेल.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर, जे मी एवढा वेळ टाळतोय.

वरून उजेड लाइटवाल्या बोटींसारखा दिसतो.

गाळून नको वाचू, आई. पूर्ण वाच.

आम्ही परत फिरलो तेव्हा लांबून ते एकेक पार्क म्हणजे काळ्या पाण्यावर उभी एकेक बोट वाटली. जनरेटर लावलेली, चारी बाजूंनी दिवे सोडलेली. आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर गाड्यांचे दिवे सरकत होते, गर्दी करून, एकाच दिशेनं. मला तुमचं ते ओट्यावरचं बोलणं आठवलं, की मासळी भुकेनं येत नाही, उजेडाला भुलून येते आणि मग जाळं सगळं उचलतं, पिल्लंसुद्धा. 2017 ला सरकारनं लाइटच्या मासेमारीवर बंदी घातली तेव्हा तुम्ही पेढे आणले होते. पुढच्याच अमावास्येला क्षितिजावर दिवे तसेच. तरी तुम्ही आपल्या बोटीवर लाइट चढवला नाहीत. ज्यांनी चढवला त्यांच्या टोपल्या भरल्या आणि आपण एक दिवस बोट विकली. मी जहाजावर गेलो. याबद्दल आपण कधी नीट बोललो नाही. मी तुम्हाला हट्टी म्हणालो होतो, तेही तुमच्या समोर नाही, आईला फोनवर.

तिथे बसून मला ते सगळं वाईट दिसायला हवं होतं. खोटं सांगत नाही बाबा, फार सुंदर दिसलं. एवढं सुंदर की उतरल्यावर मी आणि गोवेकर पार्किंगमध्ये दहा मिनिटं गप्प उभे होतो. वर एक मिनिट तर मला वाटलं, आत्ता तुम्ही शेजारी हवे होतात. तुम्ही काय म्हणाला असतात, ते मात्र अजून ठरवता येत नाही मला.

काल रात्री जेवून बंदरावर गेलो. अमावास्या परवाच, त्यामुळे सुवर्णदुर्ग दिसत नव्हता, नुसता काळा गोळा. कनकदुर्गाचा दिवा फिरत होता. आणि पलीकडे, रांगेनं, ते. मी मोजले, तेरा. जाळी विणत बसलेल्या काकांना म्हटलं, आज तेरा. ते म्हणाले, "गेल्या अंधाऱ्याला यापेक्षा जास्त होते," आणि सुई चालूच ठेवली. मग त्यांनी तुमच्या डोळ्याचं विचारलं. मी म्हटलं, पट्टी निघाली, आता दिव्याला पिसं फुटलेली दिसतात म्हणतात. ते म्हणाले, "चार दिवस तसंच. बायकोला पण झालेलं."

डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा सोडू नका, घरात टीव्हीसमोरसुद्धा. थेंब चार वेळा, झोपताना विसरता ते. शुक्रवारच्या रातराणीनं येऊ नका, घाटात गाडी हिसके देते. रविवारी सकाळच्या एसटीत बसा, मी दापोली स्टँडवर उभा असेन. ताईला म्हणावं, तिकीट खिडकीकडचं काढू नको, वारा डोळ्याला लागतो.

काकांनी एक सुरमई ठेवतो म्हटलंय. आई, कोकमं संपलेली आहेत, येताना आण. आणि नाही, पिल्लं मी कोणाला देत नाही, तू आल्यावर बघ.

तुमचा,
बाळ्या