तुझं पाऊल पूर्ण उमटतं

चि. राणी हिस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू पाठवलेला फोटो मी सकाळी चष्मा लावून नीट बघितला. बाथरूमबाहेरच्या फरशीवर तुझी दोन ओली पावलं. बहुतेकांच्या पावलाच्या मधे आतल्या बाजूला कोरडी जागा सुटते, तिथंही तुझं पाणी उमटलंय. टाचेपासून चवड्यापर्यंत सलग, चपलेच्या तळासारखं. आणि खाली तू लिहिलंयस, "बुटांच्या दुकानातला मुलगा म्हणाला, असे पाय पळायचे नसतात. नडगी तर दुखतेच आहे. स्पर्धेतून नाव काढून घेऊ का?"

नाव काढू नकोस. निदान या कारणासाठी तरी नको. फोन करणार होते, पण मला जे सांगायचंय ते फोनवर तुटक तुटक झालं असतं. त्यात तुझी माफीही मागायची आहे, म्हणून लिहायला बसले.

हे पाय तुला माझ्याकडून आलेत. माझे तसेच, तुझ्या मामाचे तसेच. आमच्याकडे त्याला 'फताडे पाय' म्हणायचे. हा शब्द मी लहानपणी इतक्या वेळा ऐकलाय की आजही कुणी म्हटलं तर पाय साडीखाली ओढून घेते. 1998 साली मला बघायला एक स्थळ आलं होतं. चहा-पोहे झाले, आणि त्यांच्यातल्या एका वयस्कर बाईंनी मला पाय धुऊन यायला सांगितलं. मोरीतून ओल्या पायांनी मी शहाबादी फरशीवरून चालत आले. त्या वाकून ठसे बघत होत्या. "पाऊल सगळंच टेकतंय की," एवढंच म्हणाल्या. त्या घरून पुढं निरोप आला नाही. खरं कारण हुंड्याचं असेल, पत्रिकेचं असेल, पण आमच्या आजीनं ते पायांवर घातलं आणि माझ्याही मनात ते तसंच बसलं.

मामाचं तर तुला माहीतच आहे. आपल्या सातारा जिल्ह्यात लष्करात जायचं म्हणजे काय असतं ते वेगळं सांगायला नको. अपशिंग्याला तर गावाच्या नावापुढंच 'मिलिटरी' लागलंय. 1993 च्या भरतीत एक मैलाच्या धावेत मामा पहिल्या पाचात आला. छाती, उंची, वजन, सगळं बसलं. मेडिकलला उभं करून तळवे बघितले आणि बाहेर काढलं. जो पोरगा आत्ताच सगळ्यांच्या पुढं पळून आला, त्याचे पाय नापास कसे, हे आम्हाला कुणालाच कळेना. नियम होता, नियमाप्रमाणं झालं. मामा दोन महिने घराबाहेर पडला नाही. आता तो 52 वर्षांचा आहे. दरवर्षी लोणंदला माऊलींच्या पालखीत शिरतो आणि पंढरपुरापर्यंत चालत जातो, त्याच फताड्या पायांनी. परत आला की पाय दाबून घ्यायलाही बसत नाही.

हे सगळं माझ्या डोक्यात असताना तू झालीस. तू चार वर्षांची होतीस तेव्हा अंगणात पाण्यात खेळून ओट्यावर चढलीस, आणि मला तेच ठसे दिसले. माझ्या पोटात गोळा आला. त्या आठवड्यात तुला घेऊन मी शहरात एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी खास बूट सांगितले. आतून उंचवटा असलेले, घोट्यापर्यंत येणारे, जड. वर्षाला दोन जोड, पाच वर्षं. तू घराबाहेर पाऊल टाकलंस की ते बूट. शाळेतल्या मुली अनवाणी लंगडी खेळायच्या आणि तू कडेला बसून बघायचीस. एकदा तू ते हौदात टाकलेस आणि मी तुला मारलं. तुला आठवत नसेल. मला आठवतं.

आता ऐक, मला हे कधी कळलं. दोन वर्षांपूर्वी माझा डावा घोटा आतल्या बाजूनं सुजायला लागला, तेव्हा मी साताऱ्यात फिजिओथेरपीला जायला लागले. तिथल्या ताई फार चांगल्या, विचारलं की सांगायच्या, वाचायलाही द्यायच्या. मी तुझ्या बुटांबद्दल विचारलं. त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, चार वर्षांच्या मुलाचं पाऊल सपाट असणं हे त्या वयाला धरूनच असतं. तळव्याखाली चरबीची गादी असते, सांधे सैल असतात, कमान हळूहळू वर येते, कुणाची दहाव्या वर्षापर्यंत. ऑस्ट्रियात 835 मुलांची पावलं तपासली होती, ते 2006 साली छापून आलं. तीन वर्षांच्या मुलांत 54 टक्के सपाट पावलाची, सहा वर्षांच्या मुलांत 24 टक्के. आणि त्या बुटांचं काय? अमेरिकेत लहान मुलांचे गट करून तीन वर्षं बघितलं होतं. काहींना खास बूट, काहींना आत घालायचे साचे, काहींना काहीच नाही. 1989 साली निकाल छापला. सगळ्यांचीच पावलं सुधारली, आणि बूट घातलेल्यांत नि न घातलेल्यांत फरक निघाला नाही.

म्हणजे मी तुला त्या बुटांत घातलं त्याच्या कितीतरी आधी हे माहीत झालेलं होतं. माझ्यापर्यंत आलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट मला आपल्या देशातलीच कळली, ती जास्त लागली. कर्नाटकात 2300 मुलांच्या पावलांचे ठसे घेतले होते, चार ते तेरा वर्षांच्या. ते काम 1992 साली प्रसिद्ध झालं. बूट-चपला घालणाऱ्या मुलांत 8.6 टक्के सपाट पाय, अनवाणी फिरणाऱ्यांत 2.8 टक्के. आणि पुढून बंद बूट घालणाऱ्यांत सगळ्यात जास्त. मी पंचवीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतेय. वर्गाबाहेर चपलांची रांग आणि मैदानात सगळी पोरं अनवाणी, हे रोज डोळ्यांसमोर होतं, आणि घरी माझी लेक बुटाच्या नाड्या बांधत होती. अनवाणी खेळली असतीस तर तुझी कमान वर आली असती असं मी म्हणत नाही, आपल्या घरातच ती नाही. पण पावलातले बारीक स्नायू कामाला लागले असते. खेळ तरी मिळाला असता. त्या खेळासाठी मला माफ कर.

तुझ्या पायात कमान नाही असं तू समजतेस, ते पूर्ण खरं नाही. तू सहा-सात वर्षांची असताना दिवाळीत फळीवरचा लाडवांचा डबा काढायला चवड्यांवर उभी राहायचीस. मी मागून बघायचे, तेव्हा टाचा किंचित आत वळायच्या आणि तळव्याखाली छान खळगा पडायचा. तेव्हा मला त्याचा अर्थ माहीत नव्हता. फिजिओथेरपीच्या ताई हीच परीक्षा करतात. चवड्यांवर उभं राहिल्यावर कमान दिसली, तर पाऊल लवचीक आहे. उभं राहिल्यावर वजनानं ते दबतं, एवढंच. चवड्यांवर उभं राहूनही पाऊल पाटासारखंच राहिलं, दुखत असलं, तर मात्र एक्स-रे काढायचा, कारण काहींच्या पावलातली हाडं जन्मापासून एकमेकांना जोडलेली असतात. तू आज आरशासमोर उभी राहा आणि बघ. मला खात्री आहे, पण तूही तुझ्या डोळ्यांनी बघ.

आता नडगीचं. तू तुझ्या धावण्याच्या नोंदी मला पाठवतेस त्या मी वहीत लिहून ठेवते. मेच्या शेवटी तू आठवड्याला 10 किलोमीटर पळत होतीस. जूनच्या शेवटी 31. राणी, असं केलं तर कुणाचीही नडगी दुखेल गं, कितीही उंच कमान असो. हाडाला आणि स्नायूला वाढलेलं ओझं अंगवळणी पडायला आठवडे लागतात, दम मात्र लवकर वाढतो, आणि तिथंच फसायला होतं. डेन्मार्कमध्ये नव्यानं पळायला लागलेल्या 927 जणांना एकाच साध्या प्रकारचे बूट देऊन वर्षभर बघितलं, 2014 साली ते छापलं. ज्यांची पावलं आपल्यासारखी आत कलतात त्यांना दुखापती जास्त झाल्या असं काही दिसलं नाही. दुकानातला मुलगा सांगतो ते त्याला शिकवलेलं असणार, त्याच्यावर राग नको. पण तू त्याचे बारा हजारांचे बूट घेऊ नकोस. संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. पुढं अंगठ्याएवढी जागा राहील आणि चवडा आवळणार नाही असा जोड घे. दुकानात पळून बघ. पायाला जो आपला वाटतो तो घे. आत घालायचा मऊ तयार साचा लावून आराम वाटत असेल तर लाव, त्यात कमीपणा नाही. फक्त त्यानं पाय बदलेल ही आशा ठेवू नकोस. माझ्या पाच वर्षांच्या आशेचं काय झालं ते वर लिहिलंय.

नडगीच्या आतल्या कडेनं बोट फिरवून बघ. वीतभर लांबीत सगळीकडं दुखत असेल तर ते ताणाचं दुखणं. पण एकाच जागी, रुपयाएवढ्या ठिकाणी टोचल्यासारखं होत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर पळणं त्याच दिवशी बंद आणि हाडाच्या डॉक्टरांकडे जायचं. हाडाला चीर असू शकते. तिथं हट्ट करायचा नाही, स्पर्धा असो की काही असो.

ताणाचं असेल तर दोन आठवडे पळणं निम्म्यावर आण. थोडं चाल, थोडं पळ. पळताना थोडं जाणवलं तरी चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते शमलेलं असलं पाहिजे. तळजाई टेकडीच्या मातीवर जा, काँक्रीटचा रस्ता सध्या सोड. पावलं छोटी टाक, लांब ढांगा नकोत.

आणि रोज टाचा उचल. मी माझ्या घोट्यासाठी करते, पण तुझ्यासाठीही हेच आहे. पोटरीतून एक टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, निघतं, आतल्या घोट्याच्या हाडामागून वळतं आणि तळव्याला धरतं. कमानीला वरून दोरीनं उचलून धरल्यासारखं. माझं तेच थकलं होतं. चाळिशीनंतर बायकांत हे जास्त होतं, वजन वाढलं की आणखी. मला डाव्या एका पायावर उभं राहून टाच उचलताच येत नव्हती, आणि मागून बघितलं की माझ्या डाव्या पावलाची बोटं बाहेरच्या बाजूला उजव्यापेक्षा जास्त दिसत होती. ते दुर्लक्ष करण्यासारखं नसतं. सपाट पाय जन्मभर तसाच असणं वेगळं, आणि असलेला पाय एका बाजूनं आणखी खाली बसत जाणं वेगळं. तुझ्यात हे दुसरं कधी दिसलं तर माझ्यापासून लपवू नकोस.

करायचं ते असं. ओट्याला हात धर, दोन टाचांच्या मधे टेनिसचा चेंडू, तो दाबून धरत चवड्यांवर ये, मग सावकाश खाली. पंधरा वेळा, तीनदा. जमायला लागलं की एका पायावर. दुसरा व्यायाम दिसायला काहीच नाही पण अवघड आहे. पाऊल जमिनीवर ठेवून, बोटं न वाकवता, चवडा टाचेकडं ओढायचा, म्हणजे पाऊल आखूड होतं आणि कमान वर येते. मला पहिले आठ दिवस नुसता अंगठाच हलवता येत होता. आणि भिंतीला हात लावून पोटऱ्या ताणायच्या. पोटरी आखडलेली असली की सपाट पाऊल आणखी दबतं.

मी दूध तापायला ठेवते आणि ते वर येईपर्यंत टाचा उचलते. सात महिने झाले. डावी टाच आता अकरा वेळा उचलते.

स्पर्धेत यवतेश्वरचा घाट चढताना तुला त्रास होणार नाही, तुझ्या पोटऱ्या मामासारख्या आहेत. उतरताना सांभाळ, नडगी तिथं बोलते. ताणाचंच असेल तर स्पर्धेच्या आधी दोन रविवार इथं ये. मामा म्हणतो, तो तुझ्याबरोबर घाट उतरून दाखवणार आहे. पालखीहून आल्यापासून रोज विचारतोय, पोरगी पळणार ना?

एक राहिलं. तुझे ते शेवटचे बूट माळ्यावर आहेत. तपकिरी, डाव्याची नाडी तुटलेली. आजवर मला ते टाकवले नाहीत. येशील तेव्हा तूच काय ते ठरव.

तुझी,
आई