व्हिस्कीवर सावजी रस्सा नको, लिंबाचा खार चालेल

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील व्हिस्कीच्या शॉटमागोमाग घ्यायच्या खारट-आंबट घोटांवरचा लेख वाचला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील एका बारमध्ये २००६ साली रूढ झालेला ‘पिकलबॅक’, म्हणजे व्हिस्कीवर लगेच काकडीच्या लोणच्याचे पाणी, याची माहिती त्यात नेमकी आहे. मात्र विदर्भातील वाचकांनी त्याऐवजी कैरीच्या लोणच्याचा खार किंवा सावजी रस्सा घ्यावा, ही सूचना परमिट रूमचे स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मला पटली नाही. (विदर्भातल्याच वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी असल्याने तेथे ती तशीही लागू नाही.)

काकडीच्या त्या पाण्यात तेल नसते. मीठ कडवटपणा दाबते आणि आंबटामुळे तोंडाला पाणी सुटून जळजळ निवते. आमच्या लोणच्यात मोहरीची डाळ, मेथी, हिंग आणि वर बोटभर तेल असते. तो खार टाळूला चिकटतो आणि पुढच्या घोटाला नुसती मेथी लागते. रश्श्याचे तर त्याहून वाईट. मिरचीचा तिखटपणा ज्या मज्जातंतूंना झोंबतो, त्यांनाच मद्यार्क अधिक हळवे करतो, त्यामुळे ४२.८ टक्क्यांची व्हिस्की पाण्याविना घेऊन वर भिवापुरी मिरचीची तर्री पिणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय. गिऱ्हाईक मग ती आग विझवायला पुढचा पेग मागते, आणि धंद्याला हे सोयीचे आहे, हेही मान्य करतो.

त्यापेक्षा लिंबाच्या फोडी नुसत्या मिठात घालून बरणी उन्हात ठेवावी आणि फोडी मुरल्यावर सुटलेला दाट खार थंड पाण्याने बराच पातळ करावा. नाहीतर अंबाडीची लाल बोंडे उकळून, गाळून, त्यात सैंधव आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालावी. आपल्याकडच्या बहुतेक स्वस्त व्हिस्कींत उसाच्या मळीपासूनचे स्पिरिट असते, त्यांचा उग्र वास अंबाडीने चांगला झाकतो. ३० मिलीच्या शॉटला तेवढाच घोट पुरे.

खाराने चढलेली उतरते, हे लेखातील विधानही चुकीचे आहे. मद्यार्काचा निचरा यकृत आपल्याच गतीने करते. शिवाय दिवसभरात एकूण ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रक्तदाबाची गोळी चालू असणाऱ्यांसाठी तेवढी एक ओळ पुढील पुरवणीत छापावी, ही विनंती.

आपला,
एक आचारी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ